एमजीबीचा गिअर खरकतोय? इंजिन उतरवण्याआधी पुश रॉड मोजा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत पहिला गिअर टाकताना खरखर होते, रिव्हर्स तर ओरडतोच. मग ‘क्लच प्लेट गेली’ असं ठरवून घरीच इंजिन उतरवलं जातं आणि गाडी सुट्या भागांसकट आमच्याकडे येते. अशा वेळी आमची पंचाईत होते, कारण जे मोजायचं ते इंजिन जागेवर असतानाच मोजता येतं.

प्लेट झिजली की क्लच घसरतो: रेस वाढते, गाडी ओढत नाही. गिअर खरकणं ही उलटी तक्रार आहे. तिथे क्लच पुरता सुटत नसतो, आणि त्याचं कारण बहुधा बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, बाहेरच सापडतं.

गाडी भक्कम स्टँडवर घ्या. एकाने पेडल तळापर्यंत दाबावं, दुसऱ्याने खालून स्लेव्ह सिलिंडरचा (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचा) पुश रॉड किती सरकतो ते पट्टीने बघावं. साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिमी सरकायला हवा. तेवढा सरकूनही गिअर खरकत असेल तरच इंजिनाकडे वळा.

कमी भरला? आधी पेडलपाशी वाका. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा (ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचा) रॉड जोडणारी क्लेव्हिस पिन काढून बघा. पिन मधोमध खाल्लेली आणि पेडलचं भोक लांबट झालेलं आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता गाडी आली की हात आधी तिथेच जातो. तिथली एका मिलिमीटरची झीज पायाखाली कित्येक मिलिमीटर होते. एवढ्याशा पिनेसाठी इंजिन उतरवलेले लोक आहेत!

पिन ठीक असेल तर ऑइलमधली एअर काढा, स्लेव्हकडे जाणारा फुगलेला होज आणि स्लेव्हच्या रबरी बुटात साचलेलं ऑइल बघा. स्लेव्ह सोडून लटकत असताना पेडल मात्र दाबू नका, पिस्टन बाहेर येतो.

‘एकच सिलिंडर गळतोय, मग दोन्ही का बदलता?’ दोघांतली रबरं सहसा एकाच वयाची असतात. एक नवा बसवला की लवकरच दुसरा गळतो आणि एअर काढण्याचं काम पुन्हा करावं लागतं. म्हणून आम्ही पिन, होज आणि दोन्ही सिलिंडर असा संचच देतो. ऑइल डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) घाला. डॉट ५.१ चालतं, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

इंजिन काढावंच लागलं, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घ्या.

फोन करताना मोजलेला आकडा हाताशी ठेवा. पिन पाठवायची की गाडी आणायची, ते लगेच सांगू.