गळती कोणाची, खर्च कोणाचा? मुलुंड-ठाण्यातील सोसायट्या आणि सदनिकाधारकांसाठी माहिती

होळी झाली की आमचे फोन वाजू लागतात. बहुतेकांची सुरुवात सारखीच असते : "वरच्यांच्या बाथरूममधून पाणी येतंय, तुम्ही येऊन जरा त्यांना सांगा." ते सांगणे आमचे काम नाही. पाणी नेमके कुठून येते हे शोधणे आणि ते बंद करणे हे आमचे काम. खर्च कोणी करायचा हे तर नियमांत आधीच लिहिलेले आहे.

सोसायटीचे काय, तुमचे काय

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (म्हणजे सोसायटी चालवण्याच्या नमुना नियमांत) दुरुस्तीची विभागणी दिलेली आहे. गच्ची, कठडा, बाहेरच्या भिंती, जिने, टाक्या, पंप, पाण्याच्या व सांडपाण्याच्या सामायिक लाइनी हे सगळे सोसायटीच्या खर्चाने. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून शेवटच्या मजल्यावरच्या छताचा गिलावा सुटला, तर तोही सोसायटीनेच करून द्यायचा. "गच्ची तुमच्या डोक्यावर आहे, तुम्हीच बघा" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

टॉयलेट, सिंक वगैरेंच्या आतल्या गळतीचा खर्च मात्र संबंधित सदनिकाधारकांचा, आणि तोही सोसायटीच्या मध्यस्थीने. म्हणून जिन्यात वाद घालण्याआधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढे प्रकरण सहकार खात्याच्या निबंधकांकडे गेले तर तीच पोच कामाला येते.

आधी पाणी शोधा

ओल दिसली की लोक पहिल्यांदा पेंटरला बोलावतात. पैसे वाया घालवण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हाला माहीत नाही.

ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. डाग फक्त पावसात वाढत असेल तर संशय गच्चीवर, बाहेरच्या भिंतीच्या भेगांवर किंवा खिडकीच्या छज्ज्यावर. बाराही महिने ओल असेल तर पाइप किंवा बाथरूम. वरचे घर कुलूपबंद असूनही थेंब पडत राहिले, तर पाणी भरलेली, म्हणजे दाबाची लाइन बघावी लागते. त्यांच्या आंघोळीनंतरच पडत असतील तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतले पाणी जाण्याचे जाळीखालचे भांडे), त्याचा सांधा किंवा लादीखालचे वॉटरप्रूफिंग.

शंका उरली तर वरच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपचे तोंड बोळ्याने गच्च बंद करून उंबरठ्याखाली राहील इतके रंगीत पाणी 24 तास साठवतो. खाली रंग उतरला की वादच संपतो. वरच्या मंडळींनी यासाठी एक दिवस दिला तर फोडाफोड निम्मी वाचते.

छताचा गिलावा पडून गंजलेली सळई दिसत असेल तर मात्र घाई करा. गंज चढलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट ढकलून फोडते. त्यावर पुट्टी लावली तर पुढच्या वेळी मोठा तुकडा पडतो. बाहेरच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाचेही तेच : वरून कापून उपयोग नाही, मूळ काढून भेग भरावी लागते.

15 आणि 30 वर्षे

आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (म्हणजे मजबुतीची तपासणी) दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढे दर 3 वर्षांनी करायचे असते. महापालिकेचा नियम वेगळा. चेकनाक्याच्या अलीकडे, म्हणजे मुलुंडमध्ये, मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 चे कलम 353-ब लागू होते. पलीकडे ठाण्यात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 265-अ. दोन्हींत 30 वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून प्रमाणपत्र द्यावे लागते. मुंबईत हे टाळल्यास 25,000 रुपये किंवा वर्षभराचा मालमत्ता कर, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड.

महापालिकेच्या नोटिशीतल्या "सी-1" या अक्षरांना लोक घाबरतात, आणि ते योग्यच आहे. त्याचा अर्थ इमारत रिकामी करून पाडणे. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे राहते ठेवून संरचनात्मक दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ काम. ऑडिट आम्ही करत नाही. दुरुस्ती करणाऱ्यानेच ऑडिट केले तर काम किती निघेल हे सांगायला नको.

पैसा कुठून

सिंकिंग फंड (मोठ्या कामासाठी राखून ठेवायचा निधी) वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के, दुरुस्ती निधी 0.75 टक्के. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. जुन्या इमारतींत बांधकाम खर्चच जुना, त्यामुळे ही शिल्लक मोठ्या कामाला सहसा पुरत नाही. वर्गणी काढायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. आमचे कोटेशन हातात नसताना सभा बोलावू नका, आणि एकट्या आमच्याच कोटेशनवर ठरावही करू नका.

घरात फरशी बदलणे, भिंत काढणे असले काही करायचे असेल तर आधी सोसायटीला कळवा. बीम आणि कॉलमला छिन्नी लावायला सांगणारे काम आम्ही घेत नाही.

गच्चीचे काम मेच्या मध्यापर्यंत उरकलेले बरे, कारण कोब्यावर (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थरावर) पाणी साठवून तो पिकवायला, म्हणजे पक्का व्हायला, दिवस लागतात. पाहणीची वेळ ठरवताना वरच्या घरी कोणी असेल हे बघा, आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवा.