काचेची लाट वाहत का नाही?

पणजीतल्या एका कलादालनात काचेची लाट मांडली होती. शेजारी उभे असलेले गृहस्थ मुलीला सांगत होते, "काच म्हणजे हळू वाहणारं पाणीच. जुन्या चर्चच्या काचा बघ, ओघळून खाली जाड झाल्यात." ही लोणकढी युरोपातून आली, आणि गोव्यात तर ती मुळीच खपू नये. इथल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांत बहुधा काच नसेच, चौकटीत चपटे, अर्धपारदर्शक शिंपले बसवत. चिखलीच्या खाडीत मिळतात ते. युरोपातल्या जुन्या काचा मुळातच कमीजास्त जाडीच्या बनत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमधल्या काचेत जे घटक आहेत, तेच असलेली काच घेऊन २०१७ मध्ये हिशेब झाला: शंभर कोटी वर्षांत ती सरकेल जेमतेम एक नॅनोमीटर!

भट्टीत मात्र काच वाहते, आणि तिथली गंमत वेगळीच आहे. पाणी शून्य अंशाला एकदम गोठतं, त्याचे रेणू स्फटिकाच्या जाळीत बसतात. काचेला असा ठरलेला गोठणबिंदूच नाही. साधी सोडा-चुना काच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्याच्या दहा लाख पट श्यान, म्हणजे चिकट असते. सव्वासातशे अंशांना आणखी चारेक हजार पट, साडेपाचशेला त्याच्याही दोन-अडीच लाख पट. याचा आलेख लॉग पट्टीवरच, म्हणजे प्रत्येक समान टप्प्याला दहापट वाढणाऱ्या पट्टीवरच काढावा लागतो. कलावंताचं सगळं काम या उतारावर, वरच्या काही शे अंशांत.

पाण्याचा थेंब आपटला की काही मिलिसेकंदांत मुकुटासारखे तुषार उडतात. वितळलेली काच तशी उडत नाही. श्यानता धक्का गिळून टाकते. म्हणून लाटेचं प्रत्येक टोक चिमट्याने ओढावं लागतं. टोकं गोल मात्र आपोआप होतात, कारण काचेचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आवळून धरणारा ताण, पाण्याच्या चौपट. हाच पृष्ठताण नळाच्या बारीक धारेचे थेंब करतो. काचेची धार तुटायच्या आत थंड होऊन घट्ट होते आणि हाती येतो तंतू.

  

एवढ्यावर भागत नाही. बाहेरून आधी थंड झालेल्या काचेत ताण अडकतो, म्हणून शिल्प साडेपाचशे अंशांच्या आसपास धरून सावकाश निववतात. जाड शिल्पाला कित्येक दिवस लागतात. याच्या उलट, वितळलेल्या काचेचा थेंब थेट पाण्यात टाकला तर त्याला गोल डोकं आणि बारीक शेपटी येते; डोकं हातोडीला दाद देत नाही, पण शेपटी मोडली की अख्ख्या थेंबाचा भुगा होतो.