चित्रपुस्तक मुलाला देण्याआधी

घरात कुणी गेलं, आईबाबा वेगळे राहणार आहेत, मुलाचं ऑपरेशन ठरलंय, घर बदलायचंय. अशा वेळी आमच्या पुस्तकांच्या दुकानात विचारणा होते, "यावर एखादं चित्रपुस्तक आहे का?" बहुतेकदा असतं. अडचण पुढे येते. आठ-दहा दिवसांनी पुस्तक परत येतं आणि सोबत निरोप असतो: "ऐकूनच घेत नाही", "रडायला लागली", "आत असलं काही असेल असं वाटलं नव्हतं." हा तिसरा निरोप सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं कारण एकच असतं. घरातल्या मोठ्यांनी पुस्तक आधी उघडलेलंच नसतं.

आधी स्वतः वाचा, तेही मोठ्यानं

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला की पानं आठाच्या नाहीतर सोळाच्या पटीत निघतात, म्हणून हा आकडा. शीर्षकाची वगैरे पानं वजा केली की गोष्टीला १२ ते १४ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. मोठ्यानं वाचायला सात-आठ मिनिटं पुरतात. तेवढीही काढली नाहीत तर काय होतं? वाचता वाचता विसाव्या पानावर अचानक रिकामा पलंग समोर येतो, आवाज अडखळतो, मग दोन पानं एकदम उलटली जातात किंवा शब्द बदलून काहीतरी वाचलं जातं. मुलाला अक्षरं येत नसली तरी चित्र दिसतंच. डोळ्यांना एक दिसतंय आणि कानावर दुसरंच पडतंय, म्हणजे हा विषय घरात काढायचा नसतो, एवढं त्याला बरोबर कळतं. पुढच्या वेळी ते पुस्तक बघूनच पळतं.

म्हणून पहिलं वाचन मूल झोपल्यावर, एकट्यानं करा. मनातल्या मनात वाचून भागत नाही. घसा कुठं दाटतो ते आवाज काढल्याशिवाय कळत नाही. त्या पानाला कागदाची चिठ्ठी लावून ठेवा. दुसऱ्या वाचनात मजकूर सोडून फक्त चित्रं बघा. चांगल्या चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रातच असते. समजा, आजोबांचा चष्मा प्रत्येक पानावर टेबलावर आहे, मजकुरात मात्र त्याचा उल्लेख नाही. मुलं असा चष्मा तुमच्याआधी हेरतात आणि "हा इथंच का राहिला?" असं विचारतात. उत्तर तयार असलेलं बरं.

मुलापुढे वाचताना तरीही रडू आलं, तर "मला आजोबांची आठवण आली म्हणून रडू आलं" एवढं सांगा आणि वाचत राहा. काही न सांगता पुस्तक मिटलं की मूल घाबरतं.

शब्द

"आजोबा झोपले", "लांबच्या प्रवासाला गेले", "देवाघरी गेले" हे शब्द आपण प्रेमानंच वापरतो. पण पाचेक वर्षांपर्यंतचं मूल शब्द जसेच्या तसे घेतं, आणि मेलेला माणूस परत येऊ शकतो असंच समजून चालतं. मग ते झोपायला घाबरतं, कुणी बॅग भरली की दाराशी रडतं, किंवा रोज विचारतं, "कधी येणार?" पुस्तकात असे शब्द असतील तर वाचून झाल्यावर साध्या शब्दांत सांगा: "त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत." आणखी एक गोष्ट न विचारता सांगावी: "हे तुझ्यामुळे झालं नाही." आपण रागावलो म्हणून असं झालं, ही समजूत लहान मुलं मनातच ठेवतात.

वाचताना

दिवसा वाचा. या विषयाचं पुस्तक वाचून लगेच दिवा घालवला तर सगळे प्रश्न अंधारात येतात. मुलाला शेजारी बसवा, पान त्याला उलटू द्या. ते थांबलं की तुम्हीही थांबा.

"तुलाही असंच वाटतं ना?" हा प्रश्न टाळा. त्यावर मूल एकतर "हो" म्हणून सुटका करून घेतं, नाहीतर गप्प बसतं. त्यापेक्षा पात्राबद्दल बोला: "हा ससा टेबलाखाली का बरं बसलाय?" मग मनात दहापर्यंत अंक मोजा. मोठ्यांना ही शांतता सोसवत नाही आणि उत्तर तेच देऊन टाकतात. मूल सशाबद्दल जे सांगेल ते पुष्कळदा स्वतःबद्दलच असतं. ते त्याला दाखवून देऊ नका.

कुठल्या प्रसंगाला कसलं पुस्तक

भावना मोठी असेल, म्हणजे मृत्यू, भांडणं, विभक्त होणं, तर प्राण्यांची पात्रं बरी. मूल थोडं लांबून बघू शकतं. माहिती हवी असेल तर खरी माणसं आणि खऱ्या वस्तू हव्यात. ऑपरेशनच्या पुस्तकात कपडे बदलणं, मास्क, सुई, शुद्धीवर येणं हे त्याच क्रमानं दाखवलेलं असावं. "अजिबात दुखत नाही" असं लिहिलेलं पुस्तक आम्ही ठेवत नाही. सुई टोचली की पुस्तकावरचाही विश्वास जातो आणि तुमच्यावरचाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला असं पुस्तक एक-दोन दिवस आधी, चार ते सहा वर्षांच्या मुलाला साधारण तीन ते पाच दिवस आधी, त्याहून मोठ्याला आठवडाभर आधी दाखवावं. फार आधी दाखवलं की लहान मूल नुसती काळजी करत बसतं.

आईबाबा वेगळे होण्याच्या पुस्तकात शेवटचं पान आधी बघा. ते पुन्हा एकत्र येत असतील तर पुस्तक ठेवून द्या. नव्या बाळाच्या पुस्तकांबद्दल आमचं थोडं तिरकस मत आहे: बरीचशी पुस्तकं आधी मत्सर शिकवतात आणि मग तो घालवतात. मुलाच्या मनात मत्सर नसेलच तर कशाला?

आम्ही इतकं का विचारतो

वय, काय घडलं, कधी घडलं, मुलाला काय सांगितलंय: हे चार प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही पुस्तक देत नाही. काहींना हे खासगीत नाक खुपसणं वाटतं. पण कालच घटना घडली असेल तर आम्ही बहुधा विषयाचं पुस्तक नंतर घ्या म्हणतो. त्या आठवड्यात मुलाला ओळखीचं, हसवणारं जुनं पुस्तकच जास्त उपयोगी पडतं. विषयाच्या पुस्तकासोबत एक असंच बिनविषयाचं सुचवतो तेही यासाठीच. घरात असेल तर आमच्याकडून घेऊ नका.

मुलानं पहिल्यांदा नाकारलं म्हणून पुस्तक परत आणू नका. मुखपृष्ठ दिसेल असं खालच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवा आणि त्याबद्दल काही बोलू नका. काही मुलं एकटी असताना उघडतात, काही मग दहा वेळा वाचायला लावतात. दोन्ही ठीक. पानं खराब झाली नसतील तर त्यानंतरही बदलून देऊ, हे दोन आठवडे बदलून देण्याच्या मुदतीत धरत नाही.

झोप, खाणं बिघडलेलं काही आठवडे तसंच राहिलं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होऊन थांबेना, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटा. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर एक दिवसही थांबू नका. तिथं पुस्तक पुरत नाही.

मागणी नोंदवताना चारही उत्तरं सोबत लिहा, म्हणजे उलट विचारण्यात दिवस जाणार नाही. दुकानात येणार असाल तर अर्धा तास हाताशी ठेवून या; निवडलेलं पुस्तक इथंच कोपऱ्यात बसून वाचता येतं. मोठ्यानं वाचायलाही हरकत नाही.