पाळी जाण्याची वर्षे आणि स्मरणशक्ती : वैद्यकाचा समज कसा बदलत गेला

एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी १९२३ साली बीजांडकोशातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा (हार्मोनचा) परिणाम प्रयोगातून दाखवला. १९२९ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे करता आले, आणि १९४२ मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनवलेली प्रेमारिन ही इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाली. तरीही पुढची कितीतरी वर्षे इस्ट्रोजेन म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे गर्भाशय, स्तन आणि फार तर हाडे येत. बाई ‘डोके चालत नाही’ म्हणाली, तर ते वय, चिंता किंवा घरचा व्याप यांच्या खात्यावर जमा होई.

मेंदूकडे लक्ष वळले ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस. कॅनडात बार्बरा शेर्विन यांनी बीजांडकोश काढलेल्या बायकांच्या स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. इस्ट्रोजेन मिळालेल्यांचे गुण टिकले, नुसती बनावट इंजेक्शने मिळालेल्यांचे घसरले. १९९० मध्ये कॅथरिन वूली आणि ब्रूस मॅकएवन यांच्या गटाला मादी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागात, चेतापेशींवरचे सूक्ष्म काटे अवघ्या काही दिवसांच्या ऋतुचक्राबरोबर कमी-जास्त होताना दिसले. या काट्यांवरच पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. संप्रेरकाचा हात मेंदूपर्यंत पोचतो, याचा तो ठळक पुरावा ठरला.

इथून उत्साहाची लाट आली. इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये अल्झायमर कमी आढळतो, असे निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास प्रसिद्ध होऊ लागले. पण हे औषध घेणाऱ्या बायका बहुधा जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि मुळातच तब्येतीला जपणाऱ्या होत्या. औषधाचा गुण कुठला आणि राहणीचा कुठला, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

मग २००३ साली अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीच्या स्मृतिविषयक शाखेचा निकाल आला. ४,५३२ बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले होते. एका गटाला रोज ०.६२५ मिलिग्रॅम घोडीचे इस्ट्रोजेन आणि २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखे औषध) मिळत होते. या गटात डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) ४० प्रकरणे निघाली, बनावट गोळीच्या गटात २१. बातमी जगभर पसरली आणि हार्मोनची भीती बसली, ती आजही पुरती गेलेली नाही. मात्र या सगळ्या बायका ६५ किंवा त्याहून मोठ्या होत्या. बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटून गेले होते. तो निकाल ४८ वर्षांच्या बाईला जसाच्या तसा लावणे ही चूक होती, आणि तिची किंमत बायकांनी मोजली. पुढे पाळी नुकतीच गेलेल्यांनाही घेऊन कीप्स (२०१५) आणि एलाइट (२०१६) या चाचण्या झाल्या. त्यांत स्मरणशक्तीला ना फायदा दिसला, ना तोटा.

या वादात पाळी जाता जातानाची मधली वर्षेच झाकली गेली होती. ती उजेडात आणली १९९० च्या दशकात सुरू झालेल्या स्वान या अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासाने. त्याच बायकांच्या चाचण्या वर्षानुवर्षे घेतल्यावर २००९ मध्ये असे दिसले की पाळी अनियमित होण्याच्या काळात, सरावाने एरवी जी सुधारणा व्हायला हवी ती होत नाही. पाळी पूर्ण थांबल्यानंतर ती पुन्हा दिसू लागते. शब्द चटकन न आठवणे, दुसऱ्या खोलीत आल्यावर कशाला आलो ते विसरणे, हे खरे आहे, मोजता येणारे आहे, आणि बहुतेकींच्या बाबतीत ती डिमेन्शियाची सुरुवात नसते.

अंगात येणाऱ्या वाफांचाही (अचानक अंग तापून घाम फुटण्याचाही) यात वाटा आहे. हायपोथॅलॅमसमधल्या, म्हणजे शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातल्या, काही चेतापेशी इस्ट्रोजेन कमी झाले की फुगतात आणि जास्त सक्रिय होतात. मग शरीराचे तापमान किंचित वाढले तरी घाम फुटतो. गोव्याच्या दमट हवेत तो वाळत नाही, एप्रिल-मेमध्ये तर सगळा दोष उकाड्यालाच दिला जातो, आणि रात्री तीन-चारदा मोडलेल्या झोपेची डॉक्टरकडे नोंदच होत नाही. तुटक झोपेनंतर दुसऱ्या दिवशी लक्ष लागत नाही, यात नवल नाही. याच पेशींचा मार्ग अडवणारे, हार्मोन नसलेले फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले; ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

गोव्यात आजूबाजूच्या विषयांवर मोलाचे काम झाले आहे. १८ ते ५० वयोगटातल्या २,४९४ बायकांच्या इथल्या सर्वेक्षणात (प्रसिद्धी २००५) १२.१ टक्के बायकांनी सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असल्याचे सांगितले. त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही. तो आर्थिक ओढाताण, घरातले दुय्यम स्थान आणि मानसिक त्रास यांच्याशी लागला. २००८ मध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबांना आधार देण्याचा प्रयोगही इथूनच प्रसिद्ध झाला. एक अभ्यास पन्नाशीला थांबला, दुसरा म्हातारपणाकडे वळला. या दोहोंमधल्या वर्षांतली बाई अशाच बारकाईने ऐकून घेतली जायला हवी.

सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती शस्त्रक्रियेने अचानक पाळी बंद झालेल्यांची. भारतात नैसर्गिक पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. त्याआधी दोन्ही बीजांडकोश काढलेल्यांमध्ये पुढे स्मृतिदोषाचा धोका वाढलेला दिसतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने २००७ मध्ये मांडले. गर्भाशयाची पिशवी काढल्याचे सगळ्यांना ठाऊक असते, बीजांडकोश ठेवले की काढले हे पुष्कळदा बाईलाच सांगितलेले नसते. डिस्चार्ज कार्डावर ते शोधावे. ४५च्या आत दोन्ही काढले असतील आणि काही मनाई नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देणे हा सर्वमान्य सल्ला आहे.

बाकीच्यांसाठी हार्मोन हे वाफा, झोप आणि योनीच्या कोरडेपणासाठीचे औषध आहे, डिमेन्शिया टाळण्याचे नव्हे. पाळी जाऊन १० वर्षांच्या आत किंवा साठीच्या आत सुरू केले तर धोका कमी. जेल किंवा पट्टीतून घेतलेल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवेच, नाहीतर आतले अस्तर वाढून कर्करोगाची भीती. हा धडा १९७५ मध्येच मिळाला होता. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ही औषधे सहसा देत नाहीत.

विसराळूपणाची तक्रार घेऊन जाताना थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावेत. सर्दीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्या, लघवीच्या घाईवरची ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे स्मरण मंदावतात, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. घोरणे आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकत नाही ना, हेही विचारावे. आणि नाव उशिरा आठवण्यापलीकडे गोष्ट गेली, म्हणजे म्हापशाच्या ओळखीच्या बाजारात वाट चुकणे, रोजचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणे असे दिसू लागले, तर पाळीचे कारण पुढे करून थांबू नये, मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे.