बोंडअळी, पानठेला आणि आपलंच खरं

विदर्भातल्या कापसाच्या गावात ऑक्टोबर सरत आला की पानठेल्यावर एक वाद हमखास रंगतो. खर्रा घोटून हातात पडेपर्यंत त्याचे तीन टप्पे उरकलेले असतात. पहिला, बोंडात अळी निघाली. दुसरा, बीटीचं बियाणंच बोगस. तिसरा, सरकारच बोगस. अळीपासून सरकारपर्यंत जायला दहा मिनिटं पुरतात, आणि एकदा तिथं पोचलं की अळीकडे माघारी कोणी येत नाही.

“बीटीनं बुडवलं आपल्याले.”

“बीटी आली नसती तं तवाच बुडलो असतो, काकाजी. विसरले काय हिरव्या अळीचे फवारे?”

“तू कंपनीचा माणूस हायेस काय बे?”

“अन् तुमी कोणाचे, ते सांगू काय?”

इथून पुढं काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. गंमत अशी की दोघंही पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच, लावतात, दोघांच्या वावरांत धुरा (बांध) एकच, आणि अळीला काही तो धुरा अडवत नाही. तरी निष्कर्ष दोन टोकांचे. माणसं अशी का भांडतात यावर मानसशास्त्रात गेली पन्नास-साठ वर्षं बरंच काम झालंय, आणि त्यातलं काही थेट पानठेल्यावर लावून पाहण्यासारखं आहे. पण आधी अळी नीट पाहून घेऊ. तिला सोडून केलेला वाद म्हणजे नुसता तोंडाचा व्यायाम.

फुलं लागली की पऱ्हाटीत मधूनच एखादं फूल उमललेलं दिसत नाही. त्याच्या पाकळ्या एकमेकींत पिळल्यासारख्या मिटून राहतात. हीच डोमकळी. पाकळ्या सोडवल्या की आत बारीक, पांढुरकी अळी सापडते. वाढली की ती गुलाबी होते. बोंडाचं तर वरून काहीच कळत नाही. अळी अगदी बारीक असतानाच आत शिरते, मागं भोक बुजून जातं आणि बोंड वरून धडधाकट दिसत राहतं. हातानं फोडलं की मग एका कप्प्यातली सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. वेचणीत याचीच कवडी होते आणि बाजारात तिला कवडीचाच भाव.

आता बीटी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू मातीत असतो. तो एक प्रथिन बनवतो. ते बोंडअळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्यातल्या पेशींवर ठरावीक जागी चिकटतं, पेशींना भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. हे प्रथिन बनवणारं जनुक कपाशीत घातलं म्हणजे झाडच अळीचं औषध घेऊन उभं राहतं. भारतात अशा कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-२ आलं. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर या प्रथिनाचा काही असर नाही. तो कधी अपेक्षितच नव्हता. तरी ‘बीटी असून तुडतुडे कसे?’ हा सवाल ठेल्यावर दरवर्षी येतो.

अळ्यांतही दोन जाती इथं कामाच्या. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी, आणि गुलाबी. नव्वदच्या दशकात ज्या अळीनं फवाऱ्यांवर फवारे घ्यायला लावले ती मुख्यतः हिरवी. बीटीनं तिला आवरलं. गुलाबी अळीनं मात्र हळूहळू मार्ग काढला. आतड्यातली ती चिकटायची जागाच जिच्यात बदललेली आहे अशी एखादी अळी वाचते, पतंग होते, अंडी घालते. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की वाचणाऱ्याच जास्त होतात. एका जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी गुजरातेत सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. पुढं ती दोन्ही जनुकांना पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाची बोंडं तिनं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हा वाद आपल्याकडे नुसता बोलाचालीचा राहत नाही तो यामुळे.

म्हणजे वरच्या भांडणात काकाजी गुलाबीबद्दल बोलत होते आणि तो पोरगा हिरवीबद्दल. आपापल्या अळीपुरते दोघंही बरोबर.

यात एक पुडीही आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिनबीटी बियाण्याची पुडी यायची. ती भोवतीनं पेरायची, म्हणजे त्यावर साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग प्रतिकारवाल्या पतंगांशी जोड खातील आणि होणारी पिल्लं पुन्हा बीटीला मरतील, असा हिशेब. ती पुडी किती जणांनी खरंच पेरली, हे ज्यानं त्यानं आपल्या वावराकडे पाहून सांगावं. त्यात आपली संकरित कपाशी लांब मुदतीची, वर फरदडीचा, म्हणजे वेचणी उरकल्यावरही तीच पऱ्हाटी राखून पुन्हा बोंडं घेण्याचा मोह. गुलाबी अळीचं पोट जवळपास कपाशीवरच भरतं आणि फरदडीनं तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंत जेवण मिळतं. अमेरिकेतल्या अॅरिझोनात शेतकऱ्यांनी आधी बिनबीटी पट्टे राखले, मग वंध्य पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. तंत्रज्ञान तेच, वापरण्याची रीत वेगळी.

हे सगळं ठेल्यावरच्या कोणाला ठाऊक नसतं असं नाही. तुकड्यातुकड्यानं सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण वेगळी आहे. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना विचारलं, कपड्यांची चेन, कुलूप, शिलाई मशीन या गोष्टी कशा चालतात ते तुम्हाला किती कळतं? एक ते सातमध्ये गुण द्या. लोकांनी स्वतःला भरघोस गुण दिले. मग म्हणाले, आता पायरीपायरीनं लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर पेन अडलं, आणि पुन्हा गुण द्यायला सांगितल्यावर ते खाली आले. रोजच्या वापरातली वस्तू आपल्याला कळते असं वाटतं, कारण ती चालते. सायकलचं चित्र काढायला सांगून पाहा. साखळी पुढच्या चाकालाही गुंडाळणारे बरेच निघतील, आणि त्यातले काही रोज सायकल हाणणारे असतील.

यावरून २०१३ मध्ये फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. राजकीय धोरणांवर लोकांची मतं घेतली. मग काहींना ते धोरण नेमकं कसं चालेल ते सांगायला लावलं, तर काहींना आपण त्या बाजूचे का आहोत त्याची कारणं द्यायला लावली. कारणं देणारे जागचे हलले नाहीत. ‘कसं’ सांगायला बसलेल्यांची समज त्यांच्याच नजरेत घटली आणि मतंही जरा निवळली. वाचायला फार गोड वाटतं हे. पण २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग तीनदा करून पाहिला. आपल्याला वाटतं तेवढं कळत नाही हा भाग पुन्हा दिसला. मत निवळण्याचा भाग दिसला नाही. म्हणजे ‘कसं ते सांगा’ म्हटल्यावर माणूस चाचपडतो, पण हट्ट सोडेलच असं नाही. हा दुसरा निकाल मला जास्त ओळखीचा वाटतो.

फर्नबाख यांच्याच गटाचं २०१९ मधलं काम तर आपल्या अंगणातलं आहे. अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या लोकांना जनुकीय बदल केलेल्या अन्नाबद्दल विचारलं. विरोध जितका कडवा, तितकं मूलभूत विज्ञानाचं ज्ञान कमी, आणि आपल्याला खूप कळतं ही खात्री मात्र जास्त. बीटीवाले हे वाचून टाळ्या पिटतील, पण जरा थांबावं. त्याच अभ्यासात हवामानबदलाच्या प्रश्नावर असं चित्र दिसलं नाही. एखादा विषय पक्षापक्षांत वाटला गेला की ज्ञान कमी-जास्त असण्याला फारसा अर्थ राहत नाही. तिथं माणूस आपल्या माणसांच्या बाजूनं उभा राहतो.

शिकलेला माणूस तरी वाचेल, असं आपल्याला वाटतं. येलमधल्याच डॅन कहान यांनी त्याची परीक्षा घेतली. आधी हे गणित बघा. पुरळावरचं एक नवं मलम. लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलम उपयोगी का?

पटकन बघणारा २२३ हा आकडा धरतो आणि हो म्हणतो. पण लावलेल्यांत बरे झालेले आणि बिघडलेले यांचं प्रमाण साधारण तिनास एक, न लावलेल्यांत पाचास एक. मलम न लावलेलंच बरं. गणितात पक्की असलेली माणसं हे ओळखण्यात अर्थातच पुढं होती. मग तेच आकडे घेऊन मलमाच्या जागी बंदुकांवरच्या बंदीचा विषय घातला. अमेरिकेत यावरून पक्ष फुटलेले आहेत. आता पक्क्या गणितवाल्यांना बरोबर उत्तर सापडलं, पण मुख्यतः ते आपल्या पक्षाच्या सोयीचं असेल तेव्हा. सोयीचं नसलं की पहिल्या नजरेत दिसणाऱ्या चुकीच्या उत्तरावरच ती थांबली. नंतरच्या काही पडताळण्यांत हा परिणाम इतका ठळक आला नाही, तरी ठेल्यावर त्याचा दाखला रोज मिळतो. देशातली कापसाची उत्पादकता बीटीच्या आधी हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई होती, ती २००७-०८ पर्यंत साडेपाचशेच्या घरात गेली. बीटीवाला इथं थांबतो. त्याच काळात गुजरातेत ओलीत वाढलं, खतं वाढली, नवी कीटकनाशकं आली, हे तो मोजत नाही. विरोधक पुढं येऊन थबकलेले आकडे धरतो आणि आधीची वाढ मोजत नाही. दोघांनाही भागाकार येतो.

मग वाद घालूच नये काय? उलट. पीटर वॅसन यांचं १९६६ पासून गाजलेलं कोडं घ्या. टेबलावर चार पत्ते आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असलाच पाहिजे. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटायचे? बहुतेक लोक अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. कारण ४ च्या मागं काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागं स्वर निघाला तर मोडतो. एकट्यानं बसून हे दहातल्या एकालाही धड जमत नाही. पण डेव्हिड मोशमन आणि मॉली गाइल यांनी १९९८ मध्ये पाच-सहा जणांचे गट करून वाद घालू दिला, तेव्हा बहुसंख्य गट बरोबर उत्तरावर पोचले. ह्यूगो मर्सिये आणि डॅन स्पर्बर यांनी २०११ मध्ये यावरून असा सिद्धांत मांडला की माणसाची तर्कबुद्धी एकट्यानं सत्य शोधायला घडलेलीच नाही, ती दुसऱ्याला पटवायला आणि दुसऱ्याचं पारखायला घडली. आपल्या बोलण्यातली खोट आपल्याला दिसत नाही, समोरच्याची लगेच दिसते. मग खोट काढणारा समोर असणं हाच फायदा. फक्त टेबलावर उलटून पाहता येईल असा पत्ता हवा.

ठेल्यावर तोच नसतो. शिवाय तिथं दोन जातीचे प्रश्न एकात कालवले जातात, तपासून सुटणारे आणि तपासून न सुटणारे. बेलोरा हे अमरावती जिल्ह्यातलं गाव, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं. अकोली जहांगीर हे अकोल्याच्या अकोट तालुक्यातलं. तिथं जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेनं परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील एचटीबीटी कपाशी जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. एकच वऱ्हाड, आणि दोन टोकं. एचटीबीटीवर फवारायच्या ग्लायफोसेट या तणनाशकाचं पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्यानं कर्करोग होण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं. पहिल्या संस्थेनं प्रसिद्ध झालेले अभ्यास धरले आणि बाजारातल्या मिश्रणांवरचेही पाहिले, दुसरीनं नुसतं ग्लायफोसेट पाहिलं आणि कंपन्यांचे अप्रकाशित अभ्यासही धरले. बैलजोडी परवडेना, निंदणाला बाया मिळेनात आणि मजुरी झेपेना, अशा शेतकऱ्यानं परवानगी नसलेलं बियाणं लावावं का, हा मात्र वेगळ्याच जातीचा प्रश्न. त्याचं उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत नाही, आणि त्यावर जोरात भांडायला माझी काहीच हरकत नाही.

अळीचं तसं नाही. फवारा मारायचा की नाही यावर भांडण जुंपलं तर कृषी विभागाचा आणि विद्यापीठाचा ठोकताळा तयार आहे. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाची ल्यूर लावून नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री दर सापळ्यामागं आठ पतंग आले, किंवा वावरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडली आणि दोनांत अळी निघाली, की फवारा. नाहीतर पैसे वाचवा. अट एवढीच की बोंडं तोडायच्या आधी दोघांनी कबूल व्हायचं, किती निघाल्या तर कोणाचं खरं.

मागच्या हंगामात एका ठेल्यावर हे झालं. बोंडं आणली, बाकावर मांडली, नखानं फोडली. वीसात एक निघाली. पोरगा म्हणाला, “पाहा, फवारा नाई लागत.” काकाजींनी ती बोंडं उलटीपालटी केली आणि विचारलं, “धुऱ्याजवळची तोडली का मधातली? अन् सापळ्यातली ल्यूर कधी बदलली होती बे तुनं?”