'शेवटी सगळे स्वार्थीच' असं विज्ञानानं कुठंही सिद्ध केलेलं नाहीये

१९७६ मध्ये जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सचं 'द सेल्फिश जीन' हे पुस्तक आलं आणि तेव्हापासून हा गैरसमज फिरतोय की जीनच (म्हणजे जनुक, आईवडिलांकडून मुलांत गुण नेणारा घटक) स्वार्थी, म्हणजे माणूसही स्वार्थी, परोपकार वगैरे सगळं नाटक. अहो, पण जीनला मन नसतं, हेतू नसतो! तिथं 'स्वार्थी' म्हणजे एवढंच की ज्या जीनच्या जास्त कॉप्या होतात तो टिकतो, आणि तो टिकावा म्हणून आईला बाळाबद्दल अगदी खरीखुरी माया वाटणं हाही एक मार्ग असू शकतो, ती माया त्यानं खोटी कशी होईल?

दुसरा मुद्दा नेहमी येतो, 'मदत करून समाधान मिळतं ना, मग तो स्वार्थच.' पण समोरच्याचं भलं व्हावं असं आधी वाटतं म्हणूनच नंतर समाधान मिळतं, इंग्लंडचे तत्त्वज्ञ बिशप जोसेफ बटलर यांनी हे १७२६ मध्येच दाखवलं होतं.

मला सगळ्यात पटतो तो मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांचा १९८१ चा प्रयोग. एका बाईला शॉक बसतायत असं लोकांना दाखवलं (शॉक खोटे, पण बघणाऱ्यांना खरे वाटलेले), काहींना सांगितलं की दहापैकी दोनच राउंड बघा आणि निघा. नुसती स्वतःची अस्वस्थता घालवायची असती तर निघून जाणं सोपं होतं, पण ज्यांना तिच्याबद्दल मनापासून कळवळा वाटला त्यातले बहुतेक म्हणाले, तिच्या जागी मी बसतो.

हां, परतफेडीच्या हिशोबानं सहकार्य टिकतं हे खरंय, पण जो कधीच परतफेड करू शकणार नाही त्याच्याशी नीट का वागायचं, याचं उत्तर त्या हिशोबात सापडत नाही.