सीलंट व चिकटद्रव्याच्या उरलेल्या नळ्यांची साठवण

एकदा उघडलेली सिलिकॉन किंवा अ‍ॅक्रिलिक सीलंटची नळी, तसेच फेविक्विक, अ‍ॅरल्डाइट, पीव्हीसी पाइपचे सोल्युशन यांसारखी चिकटद्रव्ये पुढच्या कामापर्यंत वापरण्याजोगी ठेवण्याची पद्धत. सोलापुरात ही गरज दोन वेळा हमखास पडते: उन्हाळ्याच्या तोंडावर माळ्यावरचा कूलर उतरवून त्याची गळती बुजवताना आणि पावसाळ्याआधी पत्र्याचे स्क्रू व खिडक्यांच्या कडा बंद करताना. नळाला रोज पाणी येत नसल्याने घरोघरी टाक्या आणि जोडण्या जास्त, म्हणून किरकोळ डागडुजी वर्षभर चालूच असते.

किती माल उरतो हे आधी पाहावे. सिलिकॉनची नळी साधारण २८० मिलिलिटरची असते. ५ मिलिमीटर जाडीची गोल रेघ ओढली तर तीत सुमारे १४ मीटर काम होते. २४ बाय १८ इंची सिंकचा घेर जेमतेम सव्वादोन मीटर भरतो, म्हणजे ४५ मिलिलिटरच्या आत काम संपते. उरलेला पाच-षष्ठांश माल बहुतेक घरांत वाळून फेकला जातो.

नळी का वाळते, याचे उत्तर सर्व मालाला एकच नाही. जपण्याचे उपाय चुकतात ते इथेच. सिलिकॉन, पॉलियुरेथेन व फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत ओल पोहोचू द्यायची नसते. अ‍ॅक्रिलिक सीलंट व पांढरा फेविकॉल यांतले पाणी उडून ते वाळतात, तर पीव्हीसी सोल्युशन आणि चप्पल-सनमायकाचे रबरी सोल्युशन यांतला द्रावक उडतो. या दुसऱ्या गटात आतले बाहेर जाऊ द्यायचे नसते. सोलापूरच्या हवेत दोन्ही गटांचे वाईट दिवस वेगवेगळे येतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला, की पाण्याचा व द्रावकाचा माल आटतो. ऑगस्टच्या दमट हवेत सिलिकॉनच्या तोंडाशी वाळलेल्या मालाचे बूच लवकर धरते. पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवलेली नळी मात्र कोणत्याच ऋतूत टिकत नाही, कारण उष्णतेने प्लास्टिकमधून वाफेची ये-जा वाढते. खालच्या कपाटातली थंड, सावलीची जागा बरी.

सिलिकॉन मारून झाल्यावर पहिले काम म्हणजे गनमागची (नळी बसवून माल दाबण्याच्या हत्यारामागची) पट्टी अंगठ्याने दाबून दांडा मागे ओढणे. दाब तसाच राहिला तर माल गळत राहतो. मग नोझलमध्ये अडीच-तीन इंची जिप्सम स्क्रू फिरवून बसवावा आणि तोंडाभोवती टेप गुंडाळावा. पुढच्या वेळी स्क्रू पक्कडीने ओढला, की त्याच्या आट्यांना धरून वाळलेले बूच बाहेर येते. खिळा बसवला तर तो एकटाच निघतो, बूच आतच राहते. जास्त दिवस ठेवायचे असेल तर नोझल काढून नळीच्या मानेवर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल दुहेरी घडी करून ठेवावी व वरून नोझल आवळावे. कॅरीबॅगच्या तुकड्यानेही काम भागते, पण प्लास्टिकमधून वाफ हळूहळू झिरपते, धातूतून नाही. तोंडाला तेल किंवा व्हॅसलिन लावण्याची युक्ती सांगितली जाते. ती टाळलेली बरी, कारण त्याचा अंश पुढच्या रेघेत आला तर ती पृष्ठभागाला धरत नाही.

बूच मानेपर्यंत गेले असेल तर गन जोराने दाबू नये. मागची चकती तिरकी होते आणि माल पाठीमागून बाहेर येतो; त्या वाटेने हवाही शिरते, मग उरलेली नळी टाकूनच द्यावी लागते. नोझल काढून मानेतले बूच स्क्रूने उपसावे, नवे नोझल लावावे आणि पहिला काही सेंटिमीटर माल रद्दी कागदावर काढून टाकावा. पॉलियुरेथेनचा ६०० मिलिलिटरचा फॉइलमधला सॉसेज (नळीऐवजी लांबट मऊ पाकीट) मात्र उघडला त्याच दिवशी संपवण्याचा माल आहे.

फेविक्विकचे तोंड पुसायला सुती चिंधी वापरू नये. मागावरचे सुती वेस्ट शहरात कुठेही हाताशी असते, पण कापसावर हा द्रव जास्त पडला तर झपाट्याने तापतो, धूरही येतो, बोट भाजते. नळी उभी धरून हलकेच टिचकी मारावी, तोंडातला थेंब खाली उतरू द्यावा, मग टोपण लावून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. बरणी फ्रिजमध्ये ठेवली असेल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. नाहीतर गार नळीवर दव धरते आणि तेच तिला घट्ट करते.

पीव्हीसी सोल्युशनच्या डब्याची कड पुसून झाकण लगेच दाबावे. जेलीसारखे झालेले सोल्युशन थिनर घालून पातळ करू नये, त्याने केलेला जोड टाकीच्या दाबाखाली सुटतो. डबा गॅस, देव्हाऱ्यातला दिवा आणि उदबत्ती यांपासून दूर हवा. पांढऱ्या फेविकॉलवर साय आली तर ती काढून खालचा माल वापरता येतो.

अ‍ॅरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा (एकीत रेझिन, दुसरीत त्याला घट्ट करणारा हार्डनर) माल एकट्याने घट्ट होत नाही, म्हणून तो सर्वांत जास्त टिकतो. त्याचा घात होतो तो टोपणांच्या अदलाबदलीने: रेझिनच्या तोंडाला हार्डनरचे टोपण लागले, की ते कायमचे जाम होते. प्रत्येक नळी व तिचे टोपण यांवर एकाच रंगाची, दुसऱ्या जोडीपेक्षा वेगळी खूण करावी. एम-सीलच्या दोन्ही कांड्या वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळाव्यात आणि एक कापल्यावर सुरी पुसूनच दुसरी कापावी.

जुन्या सिलिकॉनची परीक्षा सोपी आहे. काचेवर बोटभर रेघ ओढावी. अर्ध्या तासात वर सुकी कातडी धरली नाही किंवा दुसऱ्या दिवशी रेघ नखाने अखंड सुटून आली, तर तो माल सिंकला किंवा कूलरला लावू नये. नळीवरची मुदत न उघडलेल्या नळीसाठी असते, म्हणून उघडल्याची तारीख मार्करने वेगळी लिहावी.